हळदउतारी

मखमलाबादच्या वाटेवर पुंजाराम माळ्याचा मळा होता. मळा म्हणजे थोडे वाफे मेथी-कोथिंबिरीचे, पाटाच्या कडेने वांगी, आणि बाकी सगळा मोगरा नि गुलाब. पुंजारामाला मात्र कोणी ओळखत नसे. लोक विचारत ते साळूबाईचा मळा कुठे म्हणून. बायकोच्या नावाने आपला मळा ओळखला जातो याचं त्याला वाईट वाटत असेलही, पण तो बोलून दाखवत नसे, कारण त्या घरात बोलण्याचं खातं साळूबाईकडे होतं.

साळूबाईचं नाव झालं होतं ते काविळीच्या औषधाने. दर रविवारी सकाळी तिच्या अंगणात पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसत. ती आतल्या खोलीत दार लावून पाला वाटायची, ताकात कालवायची आणि वाटी बाहेर आणून द्यायची. रोग्याने ती उपाशीपोटी प्यायची. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, धान्य नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. घेतलं की पाल्याचा गुण गेला. पाल्याचं नावही कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तरी गुण गेला. हे नाव त्या घरात सासूकडून सुनेकडे यायचं, तेही सासू अंथरुणाला खिळली म्हणजे, कानात.

साळूबाईची सासू चंद्रभागा गेली तेव्हा तिने सुनेला असंच जवळ बोलावलं होतं. आता आपल्याला काहीतरी मोठं, पोथीतलं, डोंगरकड्यावरच्या झाडाचं नाव कळणार म्हणून साळूबाईच्या अंगावर काटा आला. म्हातारी कानाशी म्हणाली, "भुईआवळी." झालं. खुरपायला बसलं की हाताला सगळ्यात आधी लागते ती भुईआवळी. पाटाच्या कडेला, उकिरड्याशेजारी, जिथे म्हणून सांडपाणी तिथे ती असायचीच. भुईला धरून वाढते आणि पानांच्या पोटाखाली मोहरीएवढे आवळे धरते, म्हणून भुईआवळी. आता ह्या नावात लपवण्यासारखं काय होतं? साळूबाई त्या दिवशी सासूसाठी धाय मोकलून रडली, पण मनातून थोडी हिरमुसलीही होती.

हिरमुसलेपण पुढे ओसरलं. रविवार यायला लागले, माणसं यायला लागली. एका वकिलाची बायको टांग्यातून उतरून साळूबाईच्या शेणाने सारवलेल्या अंगणात फतकल मारून बसली. एरवी ह्याच बाईने साळूबाईच्या पाटीतल्या भाजीवर आधी पाणी शिंपडून मग तिला हात लावला असता. त्या रविवारी ती हात जोडून बसली होती, आणि साळूबाईने वाटी आणायला मुद्दाम जरा उशीर लावला. माणसाला मान मिळाला की तो तब्येतीला मानवतो, साळूबाईलाही मानवला. गुण जाईल ही भीती तिला होतीच, ती खोटी नव्हती. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरी एक होती. नाव कळलं तर लोक हसतील, आपापल्या न्हाणीमागे वाकून ती उपटतील, आणि रविवारी ह्या अंगणात काळं कुत्रं फिरकणार नाही.

हुस्नबानो ही तिची मैत्रीण. जुन्या नाशकात राहायची. नवरा इसाक हातमागावर बसायचा आणि ती लग्नातले सेहरे गुंफायची, दर्ग्यासाठी फुलांच्या चादरी करायची. रोज पहाट फुटली की नदी ओलांडून ती मोगरा न्यायला मळ्यात यायची, आणि कळ्या वेचता वेचता दोघींच्या जिभा हातांपेक्षा जास्त चालायच्या. ओल्या मलमलीत कळ्या कशा बांधायच्या म्हणजे बाजार उठेपर्यंत उमलत नाहीत, हे हुस्नबानोचं धंद्यातलं गुपित होतं. ते तिने साळूबाईला पहिल्याच उन्हाळ्यात सांगून टाकलं, साळूबाईने विचारलंही नव्हतं. तिच्या रियाजला कावीळ झाली तेव्हा साळूबाईने औषध दिलं, पोरगा बरा झाला, आणि तेव्हापासून हुस्नबानोच्या लेखी साळूबाई म्हणजे देवाच्या खालोखालची होती.

काळारामाच्या दाराशी सत्याग्रह चालू होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. पंचवटीत पोलीस बसलेले असायचे, फुलांच्या पाट्या घेऊन लांबच्या वाटेने जावं लागायचं. अशाच एका सकाळी हुस्नबानो आली ती टोपली न घेता. इसाकच्या भावांनी मालेगावात माग टाकले होते, बिऱ्हाड तिकडे हलत होतं. ती निरोप घ्यायला आली होती. दोघी बांधावर बसून रडल्या. मग हुस्नबानोने ओढणीने डोळे पुसले.

"साळू, एक मागू?"

"माग की."

"रियाजला पुन्हा झालं तर मालेगावात मी कुणाच्या दारात जाऊ? तुझा पाला मला दाखव. अल्लाची कसम, कुणाला सांगणार नाय. गरज पडली तरच उपटीन."

"घरची रीत हाय, सांगता येत नाय" असं म्हणून साळूबाई मोकळी झाली असती. हुस्नबानो समजूतदार होती, तिने मान डोलावली असती. किंवा सरळ दोन हात पलीकडे उगवलेली भुईआवळी उपटून तिच्या हातात देता आली असती. पण पहिलं केलं असतं तर मोगऱ्याचं गुपित फुकटात देणाऱ्या मैत्रिणीपुढे आपण चिक्कू दिसलो असतो. आणि दुसरं करायला मन होत नव्हतं. नाही म्हणायची छाती नव्हती आणि द्यायची दानत नव्हती. साळूबाईला दोन्ही हवं होतं, नाव घरात राहावं आणि आपण दिलदारही दिसावं.

ती उठली. पाटाच्या कडेला एक तण माजलं होतं. लांबट पान, पांढुरकं फूल. त्याला काही नाव नव्हतं, निदान त्या घरात तरी कोणी दिलेलं नव्हतं. शेळी ते खायची. म्हणजे विषारी नाही, एवढा विचार साळूबाईने उभ्या उभ्या केला. पुढे तिला ह्याच विचाराची सगळ्यात जास्त लाज वाटायची. जीभ घसरली असती तर गोष्ट वेगळी, पण तिने शेळीची आठवण काढून, नीट तपासून खोटं दिलं होतं.

"ही?" हुस्नबानोने ती मुळासकट काढलेली काडी दोन्ही हातांनी घेतली. "हिला म्हणतात काय?"

नावाचा विचार साळूबाईने केलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं, "हळदउतारी."

"म्हणजे?"

"डोळ्यातली, नखातली, अंगातली हळद उतरवती. म्हणून हळदउतारी."

"काय नाव हाय गं," हुस्नबानो म्हणाली. "ऐकूनच अर्धा आजार पळावा."

मग साळूबाईने तिला रीत सांगितली. उपाशीपोटी द्यायची, ताकातून. कोणाकडून काही घ्यायचं नाही, खाऊचा कण नाही. घेतलं की गुण गेला. सगळ्या बोलण्यात एवढंच खरं होतं, आणि ते तिने अगदी बजावून सांगितलं. हुस्नबानोने काडी ओढणीच्या टोकाला बांधली. "तू मला तुझ्या घरातलं दिलंस," असं म्हणून तिने साळूबाईला मिठी मारली आणि ती गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाली तशी साळूबाईला लाज वाटली. पण तिने स्वतःची समजूत घातली. एकदा झालेली कावीळ त्या पोराला पुन्हा कशाला होईल? झालीच तर मालेगावात हकीम आहेत, सरकारी दवाखाना आहे. पाला ओढणीच्या टोकालाच वाळून जाईल. पुढे पावसाळा आला, गुलाबाची कलमं आली, आणि लाज कामाखाली गाडली गेली.

वर्षा-दीड वर्षाने एका रविवारी बागलाणातली एक बाई बैलगाडीतून आली, सोबत पिवळा पडलेला नवरा. अंगणात आल्या आल्या तिने अहिराणीत विचारलं, "आठे हळदउतारी भेटस ना?"

साळूबाईने हातातली वाटी खाली ठेवली. "कोण म्हणलं तुला?"

"मालेगावमा एक मुसलमान बाई देस. गल्लीमा समदा तिनाकडेच जातस. ती सांगस, खरी देणारी नाशिकनी साळूबाई शे, मना हातपेक्षा तिना हातले जास्ती गुण शे."

अंगणातल्या बाकीच्या लोकांनी ते ऐकलं. रोग इतकी वर्षं बरे होत होते, पण औषधाला नाव नव्हतं. आता नाव मिळालं, आणि तेही असं की तोंडात घोळवावं. पुढच्या रविवारी नाशकातलीच माणसं "हळदउतारी" म्हणायला लागली. वकिलाच्या बायकोनेही कुठूनतरी ऐकलं आणि अर्थ काय सुरेख आहे म्हणून कौतुक केलं. साळूबाई आत दार लावून भुईआवळी वाटायची आणि बाहेर येऊन हळदउतारीची वाटी द्यायची. आपल्या तोंडून सुटलेला शब्द असा गावोगाव हिंडून आपल्याच अंगणात येऊन बसेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

खरं तर तेव्हाच निरोप धाडायचा होता. मालेगावकडे जाणाऱ्या गाड्या रोज आडगाव नाक्यावरून जात. बानोला म्हणावं देऊ नको, मी चुकले, एवढंच सांगायचं होतं. साळूबाईने हे काम येत्या बाजाराला, येत्या अमावास्येला असं ढकलत नेलं. मनाशी म्हणायची, माणसं बरी होतायत तर तिचंही चांगलंच चाललंय. कावीळ बरेचदा आपली आपण उतरते, नुसतं पथ्य पाळलं तरी उतरते, हे इतकी वर्षं अंगण चालवून तिला ठाऊक होतं. आणि कधी कधी उतरत नाही, हेही ठाऊक होतं.

होळी झाली आणि हुस्नबानो आली.

साळूबाई मोगऱ्याच्या ओळीत होती. बांधावर बुरखा दिसला, आणि चाल ओळखीची वाटली. पण तोंड उघडं केलं तेव्हा तिला क्षणभर ओळखू येईना. गाल बसले होते. सेहऱ्याच्या सुईने टोचलेली तिची बोटं आता सुताने चिरलेली होती, मालेगावात ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. साळूबाईने "बानो" म्हणून हात पुढे केले, तर तिने आपले हात मागे घेतले.

"नको धरू. आधी ऐक."

"बस तरी."

"मी तुझी विद्या परत द्यायला आले, साळू. माझा हात बरा नाय."

ती बांधावर बसली आणि सांगू लागली. शेजारी ताहेरा राहायची. मागवाल्याची बायको, पोरसवदा, तिला एकच मुलगा, सलीम. जेमतेम चार वर्षांचा. रमजानात त्याचे डोळे पिवळे झाले. ताहेरा घाबरून हुस्नबानोकडे आली. त्याआधी गल्लीतले कितीतरी बरे झाले होते. हुस्नबानोने रोज पहाटे जाऊन ताजी हळदउतारी काढली, वाटली, पोराला पाजली. ताहेराचा नवरा म्हणत होता, दवाखान्यात दाखवू. ताहेराने त्याला सांगितलं, हळदउतारी चालू आहे, मध्ये दुसरं औषध नको. मग ईद आली.

"ईदला तिने शीरखुर्म्याची वाटी पाठवली," हुस्नबानो म्हणाली. "सगळ्या गल्लीत पाठवली, मलाही. मी विसरले गं. ईद होती. मी खाल्ला. वाटी चाटून खाल्ला. दुसऱ्या दिवशी पोराची शुद्ध गेली. दवाखान्यात नेलं तर डागदर म्हणाला, आता आणता? आणि पोर गेलं."

साळूबाईच्या ओच्यातल्या कळ्या खाली सांडल्या.

"तू बजावलं होतंस, कण घेऊ नको. मी वाटीभर घेतलं. गुण गेला आणि पोर गेलं. ताहेराला मी अजून सांगितलं नाय. ती मला रोज सलाम करते. म्हणते, आपा, तुम्ही किती केलंत माझ्या सलीमसाठी." हुस्नबानोने पहिल्यांदा वर पाहिलं. "तेव्हापासून मी कुणाच्या घरचं पाणी पीत नाय. रियाजला हात लावायलाही भीती वाटते. म्हणून आले. तू दिलंस ते परत घे. काही मंतर असेल तर म्हण. पण हे माझ्यावरून काढ."

साळूबाईला त्या क्षणी एक सोपी वाट दिसली. डोक्यावर हात ठेवायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं, आणि "जा, घेतलं परत" म्हणायचं. हुस्नबानो हलकी होऊन गेली असती, साळूबाईचं अंगण शाबूत राहिलं असतं. तिचा हात खरोखरच थोडा उचललाही गेला. पण मग हुस्नबानोने जन्मभर मानलं असतं की एका वाटीपायी आपण पोर मारलं. दुसऱ्याच्या डोक्यावर आपलं पाप ठेवून वर आशीर्वाद द्यायचा, एवढी ती अजून निर्ढावली नव्हती. हात खाली आला.

"शीरखुर्म्यानं नाय गेलं पोर," ती म्हणाली. "बानो, ती हळदउतारी नव्हतीच."

"म्हणजे?"

"तसलं काय झाडच नाय. मी तुला तण दिलं. नाव माझ्या मनचं."

हुस्नबानोला कळायला वेळ लागला. साळूबाईने पुन्हा सांगितलं, शेळीसकट सगळं सांगितलं. सांगताना तिला आपला आवाज दुसऱ्या कोणाचा वाटत होता. तिने पुढे असंही म्हटलं, की खऱ्या पाल्यानेही पोर वाचलं असतं की नाही देव जाणे, माझ्या हातूनही एक-दोन गेलेत. हे खरं होतं. पण बोलल्यावर तिला वाटलं, हे आत्ता बोलायला नको होतं.

हुस्नबानो ओरडली नाही. तिने विचारलं, "का?"

"मान जाईल म्हणून."

"माझ्यापासून लपवलंस?"

साळूबाई सांडलेल्या कळ्या गोळा करायला वाकली.

हुस्नबानोने उठून बुरखा सारखा केला. "चल. ताहेराला हे तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, हुस्नबानो आता मैत्रिणीवर ढकलते."

पुंजाराम वाफ्यातून हे सगळं ऐकत होता. साळूबाई घरात लुगडं बदलायला गेली तेव्हा तो दारात आला. "तिकडं जाऊन नाव सांगशील तर औषध घरातून जाईल. आईनं तुला एवढ्यासाठी दिलं व्हतं का?"

"गेलंय कवाच," साळूबाई म्हणाली. पुंजाराम दारातून बाजूला झाला.

आग्रा रोडने सर्व्हिस मोटर जायची. दोघी शेजारी बसल्या, पण मध्ये हातभर जागा ठेवून. पिंपळगाव गेलं, चांदवडचा घाट गेला. वर्षानुवर्षं ज्यांच्या गप्पांना सकाळ पुरली नाही त्या दोघी अख्खी वाट खिडकीबाहेर बघत होत्या. एकदा घाटात मोटर हिसका देऊन थांबली, साळूबाई पुढे आपटणार होती, तेव्हा हुस्नबानोने सवयीने तिचा दंड धरला. मग लक्षात येऊन सोडला.

गल्लीत मागांचा खटखटाट चालू होता. हुस्नबानोबरोबर हिरव्या लुगड्यातली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई बघून पोरं धावली आणि कोणीतरी विचारलं. हुस्नबानोने नाव सांगितलं. बस्स, एवढं पुरलं. "नाशिकची साळूबाई आली, हळदउतारीवाली" असं दारादारांतून गेलं. बायका माग सोडून बाहेर आल्या. कोणी चादर अंथरली. एक म्हातारी नातवाला पुढे करून म्हणाली, ह्याला तुमच्याच पाल्याने उठवलं, ह्याच्या डोक्यावर हात ठेवा. कोणीतरी एका पोराला पिटाळलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याच्या घरून पितळी तांब्याभर पाणी आणवलं. पाहुणी हिंदू आहे, आपल्या घरचं पाणी तिला चालेल न चालेल, तिची पंचाईत नको. तो तांब्या पुढे आला तेव्हा साळूबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वकिलाच्या बायकोने हात जोडले तेव्हा ती फुशारली होती. इथे प्रत्येक जोडलेला हात तिला चटका देत होता.

ताहेरा गर्दीच्या मागे उभी होती. हुस्नबानोने बोट न दाखवताही साळूबाईला ती ओळखू आली. कोवळी पोर, हातात सुताची लड तशीच. ती पुढे आली आणि सलाम करून म्हणाली, "माझ्या सलीमची उमर तेवढीच होती, बाई. तुमच्या पाल्याची काही कसूर नाही. आपांनी तर जान लावली."

साळूबाई उठून उभी राहिली. बसून सांगायची ही गोष्ट नव्हती.

"पोरी, पाल्याची कसूर नाय. माझी हाय. बानोला मी खोटा पाला दिला. हळदउतारी असं काय झाड जगात नाय, ते नाव मी उभ्या उभ्या बनवलं. खरं नाव मला सांगायचं नव्हतं. बानोला यातलं काय ठाऊक नव्हतं. तिनं तुझ्या पोराला जीव लावून दिलं ते गवत व्हतं."

तिचं बोलणं सगळ्यांना पहिल्या फटक्यात उमगलं नाही. एकीने दुसरीला समजावून सांगितलं, तिने तिसरीला. म्हातारीने नातवाला जवळ ओढलं. बायकांमधून कोणीतरी मोठ्याने शिवी दिली आणि साळूबाईला ती ऐकून जरा बरं वाटलं, कारण ती तिच्या मालकीची होती. ताहेराने मात्र हातातली लड बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मग खरी कोणती?" तिने विचारलं.

जे नाव कानात ऐकलं होतं ते साळूबाईने भर गल्लीत सांगितलं. "भुईआवळी."

कोणालाच ते नाव ओळखीचं नव्हतं. "म्हणजे काय?" ताहेरा म्हणाली.

"भुईला धरून उगवती. वीतभर. पानं चिंचेच्या पानासारखी, बारीक. पान उलटं केलं की खाली रांगेनं हिरवे दाणे असतात, आवळ्यागत. म्हणून भुईआवळी. दुसरं काय नाय त्या नावात."

ताहेरा ऐकत राहिली. मग वळून आपल्या घराच्या बाजूला गेली, जिथे न्हाणीचं पाणी भिंतीखालून बाहेर यायचं. बायकांनी वाट दिली. ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत मुळासकट उपटलेली चार-सहा रोपं होती, मुळांना काळा चिखल. तिने एक डहाळी उलटी करून साळूबाईच्या डोळ्यांसमोर धरली. पानांखाली दाण्यांची ओळ होती.

"ही?"

"ही."

"सलीम ह्या दाण्यांचं दुकान मांडायचा," ताहेरा म्हणाली. "आजारी होता तेव्हाही मांडायचा. मी त्याला ओरडायचे, गटारीजवळ बसू नको म्हणून."

तिने ती रोपं चादरीवर साळूबाईच्या पुढ्यात ठेवली आणि घरात जाऊन कांड्या भरायला बसली.